दाराजवळचं ताट

दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीवर काहीतरी लिहा, असा फोन आला तेव्हा मी कुळीथ निवडत बसले होते. मी म्हटलं, माझ्या नोकरीत दुपारी भात होता आणि संध्याकाळीही भात होता, मधे कधीतरी भाकरी. यात वाचकांना काय गंमत वाटणार? पलीकडचे गृहस्थ म्हणाले, बाई, तुम्ही सुरुवात तर करा. सुरुवात म्हणजे अर्ज कधी केला, कायम कधी झाले, वरचे साहेब कोण कोण होते, असलं सगळं मी गाळते आहे. ते वाचायला मला स्वतःलाही नको वाटेल.

मी लूथरन मिशनच्या शाळेच्या वसतिगृहात मेसची बाई होते. शाळा मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या वळणावर. आजूबाजूचे लोक तिला नुसतं ‘मिशन’ म्हणतात. मुलं सगळ्या जातिधर्मांची. कोळ्यांची, आगऱ्यांची, आमच्या बौद्ध वाड्यांतली, मुरुडच्या मोहल्ल्यातली आणि थोडी ख्रिस्ती. मी स्वतः माणगावकडच्या बौद्ध घरातली. नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं की सून आता चार महिन्यांत गळ्यात क्रूस घालून येणार. तसं काही झालं नाही. मी घरून वंदना घेऊन निघायची आणि मेसमध्ये प्रार्थनेला सगळ्यांबरोबर डोळे मिटायची. मिटल्या डोळ्यांनी भाताला पाणी पुरेल का याचा हिशेब छान होतो, हे मी अनुभवानं सांगते.

लूथरन म्हणजे नक्की काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा पाळकसाहेबांना विचारलं. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. हे आमचे पाळक अंगानं भरलेले आणि मनानं साधे. ते म्हणाले, देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते, लायकी न बघता मिळते. मी म्हटलं, मग ही मुलं गृहपाठ कशाला करतात? पाळकसाहेब इतके हसले की चहा त्यांच्या अंगरख्यावर सांडला. पुढच्या रविवारी त्यांनी माझा प्रश्न उपासनेत सांगितला आणि मुलांनी आठवडाभर शिक्षकांना वात आणला.

मेस चालवणं म्हणजे स्वयंपाक करणं नव्हे. स्वयंपाक दोघी बायका करतात. मेसच्या बाईनं अंदाज करायचा असतो. परीक्षेच्या दिवसांत मुलं दुप्पट जेवतात. घरून परत आली की दोन दिवस ताटात नुसती बोटं फिरवतात. पाऊस पडला की भाकरी संपते, क्रिकेटचा सामना असला की कशालाच दाद नसते. आणि या धंद्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण असं, की आमटीत पाणी घालता येतं, बांगड्यात घालता येत नाही. भात सैल असतो, मासळी मोजकी असते. भांडणं नेहमी मासळीवरून होतात.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या मेसमध्ये दाराजवळ एक जागा मोकळी असायची. रोज दुपारी प्रार्थनेच्या आधी सगळ्यात पहिलं ताट तिथं वाढलं जायचं. ते पाहुण्याचं. कोण पाहुणा? जो येईल तो. आपणहून आला पाहिजे, बोलावलेला चालायचा नाही. मुलांचे चार गट होते, माड, सुपारी, आंबा आणि फणस. त्यांना आम्ही ‘घरं’ म्हणायचो. ज्या घराची पाळी असेल त्यातल्या एका मुलानं पाहुण्याशेजारी बसायचं आणि त्याला काय हवं-नको ते बघायचं. मात्र पाहुण्याला एकही प्रश्न विचारायचा नाही. नाव नाही, गाव नाही, काय काम काढलंत नाही. फक्त वाढायचं. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांचं म्हणणं, कृपेला जसं लायकी विचारत नाहीत तसंच हे. मला ते पटायचं, कारण त्यात कटकट कमी होती.

या जागेवर एकेक नग बसून गेले. बाबूनाखवा नावाचा एक म्हातारा कोळी दर बुधवारी, म्हणजे मासळीच्या दिवशी, यायचा. रस्त्यानं जाताना सहज वळलो असा चेहरा करायचा. जेवण झालं की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून निकाल द्यायचा, “बाय, कालवण बेस झायला, पन मासली परवाची हाय.” आणि ती परवाचीच असायची. एकदा निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार चार कार्यकर्ते आणि फोटोवाला घेऊन आला. ताट एकच, म्हणून तो बसला आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. शेजारी सहावीतला मुलगा. उमेदवार आपला वाट बघतोय की आता हा विचारेल, साहेब आपण कोण. मुलगा भात वाढतोय, आमटी वाढतोय, ताक वाढतोय. शेवटी उमेदवार स्वतःच म्हणाला, मी कोण ते ओळखलंस का बाळ? मुलानं मान हलवून नाही म्हटलं आणि त्याला लोणचं वाढलं. त्या भागात त्याला मतं कमी पडली, त्यात आमच्या लोणच्याचा हात असावा असं मला वाटतं.

पाहुणा आलाच नाही तर ताट त्या दिवशीच्या घरातली मुलं एकेक घास वाटून खायची. इथं मनुष्यस्वभाव आडवा यायचा. रविवारी कोंबडी. रविवारी ज्यांची पाळी असे ती मुलं प्रार्थना करताना एक डोळा उघडा ठेवून रस्त्याकडे बघायची आणि कुणी येऊ नये म्हणून तळमळीनं देवाला विनवायची. एका रविवारी तर सुपारी घरानं फाटकाला आतून दोरी बांधलेली मी धरली. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, दोरी सोडा, पण मुलांना बोलू नका, माझाही डोळा उघडाच होता.

असं सगळं छान चाललं होतं. मग मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, बदलले.

नवे मोठे सर वाईट नव्हते, हे आधी सांगून टाकते. कामाला वाघ, स्वभावानं नीटनेटके. माझ्या मसाल्याच्या डब्यांना त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलांच्या वसतिगृहात कोणीही परका माणूस नाव न सांगता येऊन बसतो, हे आजच्या काळात बरोबर नाही. त्यांना फाटकाला कार्ड दाखवल्याशिवाय न उघडणारं यंत्राचं कुलूप हवं होतं. शिवाय नवा रस्ता वरून गेल्यापासून आमच्या वळणावर कुत्रं फिरकत नव्हतं. बाबूनाखवा अलिबागला लेकीकडे राहायला गेला होता. कित्येक दिवस ताट रोज मुलांच्याच पोटात जात होतं. सर मला म्हणाले, “बाई, हा पाहुण्याचा मान राहिलेला नाही, मुलांचा खुराक झालाय.” मला राग आला, कारण ते खरं होतं.

शेवटी असं ठरलं की शाळेचं मंडळ बुधवारी भेटीला येणार आहे, त्यांनी स्वतः जेवायला बसून बघावं. पाहुणा आला तर रीत चालू राहील. ताट रिकामं राहिलं तर त्या दिवसापासून बंद आणि फाटकाला कुलूप. सरांनी हे मुलांच्या सभेत सांगितलं. सभेत बोलायची सगळ्यांना मुभा असे. मग दहावीतली सलोमी उभी राहिली. फणस घराची प्रमुख, उंच, कमी बोलणारी पोर.

“सर, मी इथं आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मावशी मला फाटकाशी सोडून गेली. मला त्या ताटावर बसवलं. आई कुठंय, बाबा काय करतात, कुणी विचारलं नाही. शाळेत नाव घालतानाच विचारलं. तोवर मी जेवले होते.”

ती खाली बसली. आमच्या मुलांतल्या निम्म्या-अधिकांना घरचं विचारलेलं नको असायचं, हे मेसमध्ये राहून मला कळलं होतं. कुणाचा बाप बोटीवर गेला तो आलाच नाही, कुणाची आई मुंबईला कामाला आणि दोन दिवाळ्या दिसली नाही. जगात एक जागा अशी होती की जिथं आधी वाढायचे. आता ती जाणार होती. सरांनी शब्द मात्र फिरवला नाही.

मंगळवारी मुलं फार गुणी वागायला लागली. मेसच्या बाईला यापेक्षा धोक्याची खूण नसते. माड घराची दोन मुलं मला विचारून गेली की एस.टी. किती वाजता वळणावर येते. सुपारीवाले रस्त्याच्या पाटीपाशी घुटमळत होते. सलोमी तर माझ्या घराचा पत्ता विचारत होती, आणि का विचारलं तर म्हणाली, सहज. नियम असा की पाहुण्याला बोलवायचं नाही, म्हणजे बोलावणं ही लबाडी. त्यामुळे प्रत्येक घर आपापली लबाडी दुसऱ्या घरांपासून लपवून करत होतं आणि पापी आपण एकटेच आहोत असं समजत होतं. एकमेकांत बोलली असती तर कारभार उरकला असता. पण ही मिशनची मुलं, लबाडीसुद्धा लाजत करणार. मी कुणाला काही बोलले नाही. फक्त बुधवारी भाताला दोन मापं तांदूळ जास्त घातले. का, ते विचारू नका.

बुधवारी मंडळाची तीन माणसं आली. अध्यक्ष, खजिनदारीण बाई आणि आपले पाळकसाहेब. अध्यक्ष आणि खजिनदारीण यांचं चर्चच्या छपरावरून वाजलेलं होतं. एकाला पत्रा हवा होता, दुसरीला कौलं. दोन वर्षं दोघं पाळकसाहेबांमार्फत बोलत होती. त्या तिघांना मधल्या ओळीत बसवलं. बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण होतं, माणशी एक तुकडा. पहिलं ताट दाराजवळ वाढलं. घंटा झाली. सगळी मुलं खिडक्यांना चिकटली होती, त्यांना कशीबशी बसवली. प्रार्थना झाली. त्या दिवशी मीही डोळे नीट मिटले आणि पाणीबिणी काही मोजलं नाही.

डोळे उघडले तर दारात एस.टी.चा कंडक्टर. गळ्यात तिकिटाचं यंत्र, चेहऱ्यावर ओशाळं हसू. माड घराच्या मुलांनी छाती फुगवली. मी त्याला बसवायला पुढं होते तोच त्याच्या मागून एक तरुण जोडपं आलं. पुण्याचं, डोक्यावर गॉगल. हरिहरेश्वरला निघाले होते. सुपारीच्या मुलांनी पाटीपाशी उभं राहून त्यांना पुढं चांगलं जेवण मिळतं असं सांगून आत वळवलं होतं. त्यांना हे घरगुती खानावळीसारखं काहीतरी वाटलं. त्यातल्या तरुणीनं मला समुद्र दिसेल अशी जागा मागितली. मी त्यांना पाण्याच्या पिंपाशेजारची जागा दाखवली.

मग वाजंत्री ऐकू आली. आंबा घरानं खालूबाजावाल्या एका काकांना गाठलं होतं, आणि काकांनी सांगितलं होतं की आम्ही चौघं एकत्रच जातो, एकत्रच जेवतो. ते चौघं ढोल, सनई आणि झांज घेऊन आले, आणि बोलावलं आहे म्हणजे वाजवायचं आहे अशा समजुतीनं दारातच सुरू झाले. अध्यक्षांनी कान झाकले. ढोल थांबला तेव्हा सगळ्यात शेवटी, कडक इस्त्रीचं पातळ नेसून, माझी सासू आत आली. मिशनचं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणून जी इतकी वर्षं घरात बसली ती.

मी म्हटलं, तुम्ही इथं कशा?

“या पोरीनं सांगितलान, आज तू रडशील म्हनून,” सासूबाईंनी सलोमीकडे बोट दाखवलं. “तुला रडताना बगितलंच नव्हतं कधी. म्हटलं जाऊन यावं.”

आता चारही घरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. ताट एक, पाहुणे आठ. बाहेर एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आणि गंमत म्हणजे दाराजवळचं ते एक ताटही मोकळं नव्हतं. घंटेच्या गडबडीत तिथं एक माणूस आधीच येऊन बसला होता. पिशवी मांडीशी घेऊन, मान खाली घालून निवांत जेवत होता. शेजारी फणसची पाचवीतली चिमुरडी त्याला दुसऱ्यांदा भात वाढत होती. तिच्या कामात तिनं खंड पडू दिला नव्हता.

मी बांगड्यात पाणी कसं घालावं याचा विचार करत उभी होते. तेवढ्यात सलोमी उठली, तिनं आपलं न उष्टावलेलं ताट उचलून सासूबाईंपुढं ठेवलं आणि स्वतः शेजारणीच्या ताटात जाऊन बसली. मग मेसभर ताटं फिरायला लागली. दोघा-दोघांत एक ताट झालं. शेपटीचा तुकडा कुणाचा, यावरून तीन ठिकाणी मारामारी झाली. सरांनी आपलं ताट कंडक्टरला दिलं. पाळकसाहेबांनी अध्यक्षांचं आणि खजिनदारीणबाईंचं ताट काढून ढोलवाल्यांना दिलं आणि तिघांसाठी आपलं एक ताट मधे ठेवलं. अध्यक्ष काटे काढेनात, तेव्हा खजिनदारीण बाई दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलल्या. “काटे काढून खा, घशात अडकेल,” एवढंच, पण बोलल्या. मी भात वाढत होते. घातलेली दोन मापं कुठं गेली ते कळलं नाही.

जेवणं उरकत आली तसे अध्यक्ष उभे राहिले. शिस्तीचे गृहस्थ. म्हणाले, नियमाप्रमाणे पाहुण्यांना मी काही विचारणार नाही, मुलांना विचारतो. पाहुणा आपणहून आला पाहिजे. यांतल्या कुणाला कुणी बोलावून आणलं असेल तर त्या घरानं उभं राहावं.

माड उभं राहिलं. मग सुपारी. मग आंबा. फणसला वाटत होतं आपण वाचू, पण सासूबाईंनी सलोमीला कोपर मारलं. चारी घरं माना खाली घालून उभी. म्हणजे मेसमध्ये बसलेलं एकही पोर उरलं नाही. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, कारण हरलो होतो. सर हळू आवाजात म्हणाले, “मग ठरल्याप्रमाणे…”

“थांबा वो मास्तर,” सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात त्यांच्या नजरेतून कधी काही सुटलेलं नाही. “त्या दारातल्या बाप्याला कुनी आनला?”

सगळ्यांनी तिकडं बघितलं. तो माणूस ताक पीत होता. चारही घरांनी एकमेकांना विचारलं. माड म्हणालं आमचा नाही. सुपारी म्हणालं आमचा नाही. आंबा नाही, फणस नाही. मी तर त्याला कधी बघितलंच नव्हतं. आणि आता पंचाईत अशी, की सगळ्या मेसला, मंडळाला, वाजंत्र्यांना, पुण्याच्या जोडप्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती विचारायची कुणालाच सोय नव्हती. अध्यक्षांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. चिमुरडीनं त्याला विचारलं नाही, उरलेलं ताक वाढलं.

त्यानं वाटी खाली ठेवली, हात धुतले, पिशवी उचलली आणि सरळ सरांपुढं येऊन उभा राहिला. पिशवीतून एक खोकं काढलं.

“साहेब, मी माणगावहून आलोय. फाटकाच्या कुलपाला. तुमचाच फोन होता.”

सर म्हणाले, अहो, मग आल्या आल्या सांगायचं नाही का?

“सांगनार व्हतो. पन या पोरीनं बसवला, वाडला. कुनी इचारलाच न्हाय. म्हटलं जेवल्यावर सांगू.” तो खोक्याकडे बघत राहिला. “आता जेवल्यावर कसा लावू साहेब? जिथं जेवलो, तिथलाच दार बंद करायचा म्हंजे… दुसरा कोनी बगा. मी आनून दिलाय, लावनार न्हाय.”

अध्यक्ष गळ्यातला रुमाल काढून चष्मा पुसत होते. मग तो माणूसच सरांना म्हणाला, “तुमचा जेवन झाला काय?”

झालं नव्हतं. त्यांचं ताट कंडक्टर खाऊन गेला होता. मी पातेलं खरवडलं, तळाचा भात आणि तिखल्याचा उरलासुरला रस्सा निघाला. बसायला मोकळी जागा एकच होती, दाराजवळची. सर तिथं मांडी घालून बसले. चिमुरडीची पाळी अजून संपली नव्हती म्हणून तीही शेजारी बसली आणि त्यांना वाढत राहिली. त्याला बोलावलं होतं ते कुलपाला, जेवायला नव्हे, म्हणून रीत राहिली आणि पुढं फाटकाला कुलूप काही लागलं नाही. सरांचं म्हणणंही खोटं नव्हतं, म्हणून पाहुण्याजवळ मुलाबरोबर एक मोठं माणूस बसवायचं ठरलं, एवढाच बदल झाला. पण त्या दुपारी यातलं काही ठरलं नव्हतं. सर खाली मान घालून जेवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कशानं, रस्सा तिखट झाला होता की काय, ते मला आजही माहीत नाही. त्या जागेवर बसलेल्या माणसाला विचारायची सोय नव्हती.